तुराटीचे पाय



एरवी मी पापड, पच्चक्खाण नाहीतर पर्युषणाची तयारी यांवर लिहिते. आजचा विषय वाचून तुम्ही हसाल. विषय आहे मांड्या आणि पोटऱ्या. आधी माझ्या नातवाच्या, आणि मग माझ्याही.

नातू बावीस वर्षांचा. कड्याला आमचं भुसार दुकान आहे, तिथे तो वडिलांबरोबर बसतो. दोन वर्षांपासून जिमला जातो. गेल्या वर्षी पाडव्याच्या सुमारास एका सकाळी मी सामायिक आटोपून बाहेर आले, तर हा हाफ पँटवर, उघड्या अंगाने आरशासमोर उभा. म्हणाला, "दादी, खरं सांग, कसा दिसतो?" छाती भरलेली, खांदे रुंद, दंड टणक. मग माझी नजर खाली गेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "वर वड आणि खाली तुराट्या!"

सूनबाई हसली. तो हसला नाही. खाली बसला आणि म्हणाला, "जिममध्ये पण सगळे हेच म्हणतात." त्याला जानेवारीत जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं होतं, 65 किलोच्या गटात. हातात दहा महिने होते.

माझ्या तोंडी वड उगाच आला नव्हता. तुमच्यापैकी ज्यांनी लघुदंडकाचा थोकडा पाठ केला आहे त्यांना सहा संठाण आठवत असतील. पहिलं समचतुरस्र. पद्मासनात बसल्यावर एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत, उजव्या खांद्यापासून डाव्या गुडघ्यापर्यंत, डाव्या खांद्यापासून उजव्या गुडघ्यापर्यंत आणि आसनापासून कपाळापर्यंत, ही चारही अंतरं ज्याची सारखी भरतात तो देह समचतुरस्र. तीर्थंकरांचा देह असा असतो. दुसरं संठाण न्यग्रोधपरिमंडल. न्यग्रोध म्हणजे वड. नाभीच्या वर भरदार, खाली उणा. तिसरं सादि, म्हणजे याच्या उलट, खाली भरलेला आणि वर उणा. चाळीस वर्षं मी हे घोकत आले, पण न्यग्रोध म्हणजे काय ते माझ्या ओसरीत उभं राहिलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. संठाण नामकर्माने मिळतं, ते बैठका काढून बदलत नाही, हे मलाही कळतं. पण तुराट्यांना मांस चढवणं हा पुरुषार्थाचा भाग आहे, एवढं मी त्याला कबूल केलं.

कबूल केलं म्हणजे लगेच आशीर्वाद दिला असं नाही. मला हे सगळं आवडलंच नव्हतं. एक म्हणजे देहाचा एवढा लाड. दुसरं म्हणजे लंगोटीएवढ्या कपड्यात चारचौघांत उभं राहायचं. तिसरं, आणि खरं कारण, म्हणजे खाणं. जिममधल्या एकाने त्याला सांगितलं होतं, "तुमच्या घरच्या खाण्यावर पाय भरत नसतात. दिवसाला आठ अंडी तरी पाहिजेत." मी म्हटलं, "अंडं या घरात येणार नाही. तू बाहेर खाशील तर मला कळणारही नाही, पण तुला कळेल." मग रागाने आणखी एक वाक्य बोलले, "शेवटी या देहाची राखच व्हायची आहे." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "दादी, तू अठ्ठाई केलीस ती कशाने केलीस? देहानेच ना?"

मी गप्प बसले. दुपारी कपाटातून कोरी वही काढली.

मी बी.कॉम. आहे. नोकरी कधी केली नाही, पण दुकानाची खतावणी बरीच वर्षं लिहिली. मला भांडण समजत नाही, आकडे समजतात. स्नायू वाढवणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण 1.6 ते 2.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. नातवाचं वजन तेव्हा 68 किलो होतं. म्हणजे निदान 110 ग्रॅम. मी 120 धरले आणि जमेची बाजू लिहायला घेतली. सोयाबीनच्या वड्या कोरड्या 50 ग्रॅम, त्यातून 26. घरचं पनीर 150 ग्रॅम, त्यातून 27. दूध पाऊण लिटर, 24. मुगाची डाळ 75 ग्रॅम, 18. शेंगदाणे 40 ग्रॅम, 10. ज्वारीचं पीठ 150 ग्रॅम, म्हणजे मोठ्या दोन-अडीच भाकरी, त्यातून 15. बेरीज केली, 120 आले. अंड्याचा रकाना रिकामाच राहिला. वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने दोनदा बेरीज तपासली, मग हसला.

पण बेरीज जुळली म्हणजे स्वयंपाक जुळला असं होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. या पोरांच्या आहारात रताळं फार, आमच्याकडे कंदमूळ नाही. त्याऐवजी भाकरी, भात आणि कच्च्या केळ्याची भाजी. मोड आलेली मटकी सगळे खातात, आमच्याकडे अंकुर फुटलेलं अनंतकाय मानतात, म्हणून डाळी आणि अख्खं कडधान्य शिजवूनच. डाळीबरोबर कच्चं दही दिलं तर द्विदळ होतं, म्हणून दह्याची कढी, नाहीतर दही वेगळ्या वेळेला. पनीरसाठी दूध तापवून, गार करून साय काढायची आणि मग फाडायचं. तूप कमी, प्रथिनं जास्त. उरलेल्या पाण्यात कणीक भिजवायची.

ते पाणी म्हणजेच बाजारातल्या महागड्या डब्यातलं व्हे. चीज करताना जे पाणी सुटतं ते सुकवून ती पावडर होते. नातवाला डबा हवा होता. त्यावर हिरवा ठिपकाही होता. पण चीज विरजायला पूर्वीपासून वासराच्या जठरातलं रेनेट वापरत आले आहेत. हल्ली बरंचसं चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं, पण या डब्यातलं कुठलं ते त्यावर लिहिलेलं नव्हतं. शंका असेल तर घ्यायचं नाही, एवढं सोपं ठेवलं. क्रिएटिन मात्र घेऊ दिलं. ते माणसाला निसर्गात मांस-मासळीतून मिळतं, म्हणून शाकाहारी लोकांच्या स्नायूंत कमी असतं, पण विकत मिळणारं रसायनांपासून कारखान्यात तयार होतं, त्यात प्राणी नाही. डॉक्टरांना विचारून रोज 3 ग्रॅम. आणि एक तुमच्यासाठीही सांगते. जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचं टरफल बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. डॉक्टरांना गोळी मागा, बी-12 सुद्धा गोळीत मिळतं.

मग राहिला चौविहार. नातू आधी रात्री आठला जिमला जायचा आणि दहाला जेवायचा. मी म्हटलं, सूर्यास्तानंतर चूल बंद. तो म्हणाला, मग व्यायामानंतर खाऊ काय? आठ दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी त्याने वेळच बदलली. सकाळी नवकारसी झाल्यावर दूध आणि केळी, साडेआठला व्यायाम, दहाला जेवून दुकान. संध्याकाळी सूर्यास्ताआधी पनीर, कारण ते हळू पचतं, रात्रभर पुरतं. दिवसभराची बेरीज पूर्ण झाली तर घड्याळाने फारसं बिघडत नाही, हे त्यानेच वाचून मला सांगितलं. पुढे तो म्हणायला लागला की रात्री न खाल्ल्याने झोप चांगली लागते. मी काही बोलले नाही. सगळीकडे आपलं खरं झालं असं दाखवू नये.

आता पायांकडे येते. या मुलांचे पाय का राहतात ते सांगते. पाय पँटमध्ये झाकलेले असतात. शर्टाच्या बाहीतून दंड दिसतो, मांडी कुणाला दिसते? आणि पायांचा व्यायाम फार दुखतो. दंडाचा स्नायू लहान, मांडीचा केवढा मोठा. पुढे चार स्नायूंचा जुडगा, मागे तीन, वर पार्श्वभाग. एवढ्या स्नायूंना दमवायचं म्हणजे छाती भात्यासारखी चालते, मळमळतं. म्हणून पोरं पायांचा वार आला की टाळाटाळ करतात.

अर्नोल्ड श्वार्झनेगर हे नाव तुम्ही नातवंडांकडून ऐकलं असेल. त्याच्याही पोटऱ्या सुरुवातीला मागे होत्या. त्याने काय केलं, तर व्यायामाच्या पँटचे पायच कापून टाकले. उणं आहे ते रोज सगळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणजे लाजेने तरी मेहनत होईल. नातवाने हे सांगितलं तेव्हा मला आपलं आलोयणा घेणं आठवलं. दोष झाकून ठेवला तर वाढतो, गुरूंपुढे उघडा केला तर कमी होतो.

त्याला एका मित्राने सोपी वाटही दाखवली होती. या स्पर्धांत मेन्स फिजिक नावाचा वेगळा गट असतो. त्यात गुडघ्यापर्यंतची चड्डी घालतात, मांड्या झाकलेल्याच राहतात. तिथे तुराट्या चालून गेल्या असत्या. पण खऱ्या शरीरसौष्ठवात सात ठरलेल्या पोझ असतात आणि बहुतेक सगळीकडे पाय पकडले जातात. पाठ दाखवताना दंड फुगवायचे तेव्हा एक पाय मागे घेऊन चवड्यावर टेकवावा लागतो, की पोटरी दिसलीच. शेवटची पोझ तर पोट आणि मांड्यांचीच. आपल्या कोल्हापूरच्या सुहास खामकर यांनी 2010 मध्ये मिस्टर एशिया आणि संग्राम चौगुले यांनी 2012 मध्ये मिस्टर युनिव्हर्स किताब घेतला. त्यांचे फोटो नातवाने दाखवले. मी हिशेबाच्या नजरेने वरून खाली पाहिलं. कुठे शिल्लक जास्त नाही, कुठे तूट नाही. ताळेबंद जुळलेला. "मला चड्डीत लपायचं नाही," नातू म्हणाला. ते मला आवडलं.

सोमवार आणि गुरुवार पायांचे ठरले. मधले दोन-तीन दिवस पायांना विश्रांती, कारण स्नायू व्यायाम करताना वाढत नाही, नंतर खाऊन-झोपून वाढतो. सोमवारी खांद्यावर दांडा घेऊन स्क्वॉट. म्हणजे आपल्या तालमीतली बैठकच, फक्त वजन घेऊन आणि टाचा जमिनीला टेकवून. मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत खाली जायचं, अर्ध्यातून वर आलं तर ते मोजायचं नाही. गुरुवारी मांडीच्या मागच्या बाजूसाठी गुडघे किंचित वाकवून, कमरेतून झुकून दांडा उचलायचा. पोटऱ्यांचे दोन प्रकार, उभ्याने आणि बसून. उभ्याने केलं की वरचा फुगीर स्नायू काम करतो, गुडघा वाकवून बसलं की त्याच्याखालचा. चैत्रात तो 40 किलोचे दहा काढत होता. पौषात 90 किलोचे आठ.

दर रविवारी सकाळी मी शिलाईच्या टेपने त्याचे पाय मोजायची. पहिल्या रविवारी उजवी मांडी 52 सेंटीमीटर, डावी साडेपन्नास. दीड सेंटीमीटरचा फरक, आणि तो त्यालाही माहीत नव्हता. दोन्ही पायांवर एकदम वजन घेतलं की बळकट पाय कमजोराचं काम करून टाकतो, घरातल्या मोठ्या सुनेसारखा. म्हणून मग मागचा पाय बाकावर ठेवून एका पायावरची बैठक सुरू केली, आधी डावा, आणि डाव्याने जेवढ्या काढल्या तेवढ्याच उजव्याने. चार महिन्यांत फरक अर्ध्या सेंटीमीटरवर आला. डिसेंबरअखेर दोन्ही मांड्या 55 च्या आसपास. दहा महिन्यांत तीन-चार बोटंसुद्धा नाही, पण वहीत पाहिलं की कळतं, एकही रविवार फुकट गेला नव्हता.

मध्येच एकदा तो निराश झाला. म्हणाला, इतकं करून पाय दिसत का नाहीत? मी त्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं. दिवाळीच्या आधीचे दिवस, ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यातून निघण्याची वेळ. समोरून ट्रॅक्टर चालले होते, वर संसार, पोरंबाळं, शेळ्या. मी म्हटलं, "या बायका उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. दिवसभर. यांच्या पायांत जे बळ आहे ते मापाच्या टेपला दिसत नाही." आणि आपल्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. वीटभट्टीवर काम करणाऱ्या आईबापांचा मुलगा. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याचे पाय बघा, सडपातळ आहेत. पाय जाड झाले की बळ आलं असं नाही, आणि बारीक राहिले म्हणून बळ नाही असंही नाही. नातू म्हणाला, "पण दादी, मला तर दाखवायचेच पाय पाहिजेत." दोघंही हसलो. खरं होतं त्याचं.

त्याच सुमारास ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

एका रात्री तो माझ्या खोलीत येऊन बसला. कुणीतरी त्याला इंजेक्शनचा कोर्स सुचवला होता. आठ आठवडे, पाय भरून येतील, सगळे घेतात, कुणाला कळत नाही. पैसेही त्याने बाजूला काढले होते. मला घाम फुटला, पण आवाज चढवला नाही. मी वही घेतली आणि म्हटलं, "जमा काय आणि नावे काय, दोन्ही सांग, मी लिहिते." जमेला एकच ओळ आली. नावे लिहिताना तो स्वतःच मोबाइलवर बघत सांगत गेला. हृदय, यकृत, रक्तदाब. शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं थांबवतं, पुढे मूल होण्यात अडचण. स्वभाव चिडका. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा, स्पर्धेत बंदी. मी शेवटची ओळ माझ्या मनाने लिहिली, अदत्तादान. जे आपल्याला कुणी दिलेलं नाही ते घेणं. ज्या मुलाने दहा महिने नुसत्या बैठका काढल्या त्याच्या हातचा नंबर इंजेक्शनने काढून घेणं म्हणजे दुसरं काय?

तो काही न बोलता गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी त्याने पैसे आईकडे दिले आणि म्हणाला, चौथा-पाचवा आलो तरी चालेल. मैत्रिणींनो, आपल्या घरातली मुलं जिमला जातात, पावडरीचे डबे आणतात, आपल्याला कौतुक वाटतं. त्यांच्याशी भांडू नका, पण विचारा. नीट बसवून, दोन्ही रकाने काढून विचारा.

आता माझ्या पायांची गोष्ट. त्या चातुर्मासात महासतीजींना वंदना करताना मी खाली झाले ती उठेचना. तिक्खुत्तोचा पाठ येतो पण गुडघा येत नाही. शेजारच्या बाईंनी दंडाला धरून उठवलं. त्या दिवसापासून मी खुर्चीवर बसूनच वंदना करायला लागले, आणि मनाला फार लागलं. 2006 मध्ये आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो. आपण स्थानकवासी, मूर्ती पूजत नाही, पण सहाशेच्या वर पायऱ्या चढून बाहुबलींसमोर उभं राहिले तेव्हा डोळे भरून आले होते. हजार वर्षांहून जुना तो सत्तावन्न फुटांचा देह काउसग्गात उभा. मांड्यांवर वेली चढल्या तरी पाय हललेले नाहीत. त्या पायऱ्या मी तेव्हा गप्पा मारत चढले होते. 2018 ला पुन्हा गेलो तर मी खालीच बसून राहिले.

मी हे बोलून दाखवल्यावर नातवाने मला भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसवलं. हात छातीवर आडवे ठेव, हात न टेकवता पाच वेळा ऊठ-बस कर, मी वेळ लावतो. मला 21 सेकंद लागले. पंधराच्या वर लागले तर पायांत बळ कमी झालं असं समजतात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू थोडे थोडे झिजतात आणि साठीनंतर झपाट्याने, त्यात पायांचे आधी. आपण म्हणतो गुडघे गेले. पुष्कळदा गुडघ्याच्या वरची मांडी गेलेली असते आणि भार गुडघ्यावर येतो. मी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी व्यायामाला होकार दिला, आणि नातू माझा गुरू झाला. एक दिवसाआड, खुर्चीवरून दहा वेळा उठायचं, तीनदा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, पंधरा वेळा. पहिले पंधरा दिवस उशी ठेवून खुर्ची उंच केली होती, मग उशी काढली. माझ्याही ताटात मुगाची धिरडी आणि पनीर वाढलं. वर्षानुवर्षं मी सगळ्यांना वाढून उरलेली चटणी-भाकरी खाल्ली होती. वहीत माझं पान उघडलं तेव्हा कळलं, माझी बेरीज 35 च्या पुढे जात नव्हती.

स्पर्धा बीडला होती. दोन दिवस आधी नातू पाणी पिईना, मीठही बंद. कातडी पातळ दिसते, स्नायूंच्या रेघा उठतात, म्हणून ही मुलं असं करतात. काही तर लघवीच्या गोळ्या घेतात. मी अठ्ठाई केली आहे, चौविहार उपवासही केले आहेत. तहानेने पायांत गोळे येतात, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, ते मला ठाऊक आहे. पण उपवासात आपण पडून-बसून धर्मध्यान करतो. अंगावर दिवे घेऊन स्नायू ताणत उभं राहत नाही. 1992 मध्ये मोहम्मद बेनाझिझा नावाचा नामांकित शरीरसौष्ठवपटू हॉलंडमधली स्पर्धा संपल्यावर काही तासांत गेला, हे नातवानेच मला पूर्वी सांगितलं होतं. मी तेवढीच आठवण करून दिली. म्हटलं, "पाणी सोडायचंच असेल तर पच्चक्खाण घेऊन सोड, आरशासाठी सोडू नकोस." त्याने तांब्या उचलला.

स्पर्धा संध्याकाळी सुरू व्हायची ती रात्री सुरू झाली. त्याने सूर्यास्ताआधी भात आणि केळं खाल्लं होतं. त्याच्या गटाला पुकारलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. मी तिसऱ्या रांगेत. मुलं आली तशी मी पदर तोंडावर ओढून घेतला. मग माझाच मला राग आला. चाळीस रविवार जे पाय मोजले ते बघायला लाजायचं कशाला? पदर सारला. त्याने पाठ फिरवली, दंड उचलले, डावा पाय मागे चवड्यावर टेकवला. पोटरी दोन भागांत उठून आली, पानाच्या देठासारखी मध्ये रेघ. मी सूनबाईचा हात इतका दाबला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर राहिला.

नऊ जणांत तो चौथा आला. पदक नाही. नंतर एका परीक्षकांनी त्याला जवळ बोलावून सांगितलं, पाय या गटात चांगले होते, पाठ रुंदीला कमी पडली. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "दादी, आता मी सादि संठाण झालो." मी हसून हसून बेजार. थोकडा त्याने कधी पाठ केला कुणास ठाऊक. घरी येऊन अंगाचा तो तपकिरी रंग न धुता झोपला, आणि माझी पांढरी चादर कायमची गेली.

सगळंच छान झालं असं म्हणणार नाही. तो अजूनही आरशासमोर फार वेळ उभा राहतो आणि ते मला खटकतं. देहाचं काम करून घेणं वेगळं आणि देहात गुंतणं वेगळं, ती रेघ त्याची त्याला ओढायची आहे. पण त्याच्या मांड्यांत एका जीवाचंही मांस नाही आणि कुणाचा हक्क मारलेला नाही. एवढं वहीत लिहिलं आहे.

आणि माझं? मागच्या महिन्यात पाच ऊठ-बस 13 सेकंदांत. परवा स्थानकात विहार करून आलेल्या महासतीजी होत्या. मी खुर्ची घेतली नाही. तिन्ही वेळा गुडघे, हात आणि मस्तक टेकवून वंदना केली आणि हात न लावता उठले. शेजारच्या बाईंचा हात सवयीने पुढे आला होता, तो तसाच राहिला.

आजच खुर्ची भिंतीला टेकवा, घरातल्या कुणाला तरी घड्याळ धरायला सांगा, आणि पाच वेळा उठून बघा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. किती सेकंद लागले ते मला कळवा, मी वहीत लिहून ठेवते.

थोकड्यातल्या शब्दांवर थोडा विनोद केला आहे. जिनवाणीविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.